पीआरएन नसलेल्या वाचकासाठी खुर्ची

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरचा माणूस शिरू पाहतो तेव्हा त्याला काय वाचायचंय, हे कुणी विचारत नाही. आधी आय-कार्ड मागतात. ते नसेल तर अर्ज करा, शिफारस आणा, सही आणा. एवढं सगळं करून तो आत गेलाच तर पुस्तकांच्या रॅकपर्यंत पोचतो. संगणकापुढे मात्र बसू शकत नाही, कारण तिथे लॉगिन लागतं आणि लॉगिनला पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, लागतो.

नियतकालिकं छापून येत होती तोवर हे खपून गेलं. नवे अंक मांडणीवर असायचे, जुने बांधून ठेवलेले असायचे, आत आलेला कुणीही ते उघडून बसू शकायचा. आता छापील अंक जवळजवळ बंद झाले आहेत. वर्गणी ऑनलाइन भरली जाते आणि लेख उघडतो तो विद्यापीठाच्या आयपी पत्त्यावरून किंवा विद्यापीठाने दिलेल्या खात्यातून. म्हणून आज बाहेरच्या वाचकाला संगणक नाकारला की अख्ख्या नियतकालिक विभागाला त्याच्यापुरतं कुलूप लागतं. हा निर्णय कुठल्या सभेत ठराव मांडून झालेला नाही. तंत्र बदललं, नियम जुनेच राहिले आणि वाचक बाहेर पडला.

या वर्गणीचे पैसे कुणाचे आहेत? 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं. लाभ मिळणार केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्था व केंद्राच्या संशोधन संस्था मिळून 6,300 हून जास्त संस्थांमधल्या जवळपास 1.8 कोटी विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांना. योजना चांगली आहे. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला जे परवडणं शक्यच नव्हतं ते तिने दारात आणून ठेवलं. पण याच कल्पनेचा 2020 चा मसुदा आठवा. विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाच्या त्या मसुद्यात भारतातल्या प्रत्येक व्यक्तीला हे लेख मोफत वाचायला मिळावेत, असं म्हटलं होतं. चार वर्षांत प्रत्येक व्यक्ती गळाली आणि संस्था उरल्या. करदाता मात्र तोच आहे.

यात कोण गळतं ते बघा. ज्याची पीएच.डी. झाली आणि 'नो ड्यूज'वर सही होताच ज्याचं खातं बंद झालं, तो तरुण. निवृत्तीनंतर आपल्या तालुक्याच्या पाणीप्रश्नावर लिहायला बसलेला अभियंता. खटल्यासाठी वैद्यकीय संदर्भ शोधणारी जिल्हा न्यायालयातली वकील. आणि गडचिरोलीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर. सिकलसेलचे रुग्ण रोज त्याच्यासमोर येतात. त्याच भागातल्या आदिवासींच्या रक्ताचे नमुने घेऊन अभ्यास होतात, त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध होतात, आणि लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर उपचार करणाऱ्यालाच ते वाचता येत नाहीत. जवळच्या विद्यापीठात त्या लेखाची वर्गणी सरकारने भरलेली असली तरी त्याला तिथे खुर्ची नाही. याला व्यवस्थेची अडचण म्हणून सोडून देणं मला जमत नाही. हा अन्याय आहे.

बाहेरच्यांना बसू दिलं तर विद्यापीठ कोसळतं, असा जगाचा अनुभव नाही. अमेरिकेत सरकारी प्रकाशनं जपणारी सुमारे 1,100 'डिपॉझिटरी' ग्रंथालयं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी विद्यापीठांची आहेत. ही प्रकाशनं सर्वसामान्य जनतेला विनामूल्य वापरू द्यावीत, असा तिथला कायदा आहे. प्रकाशनं ऑनलाइन गेल्यावर त्याच कर्तव्यात संगणक देणंही आलं. मग अनेक ठिकाणी पाहुण्यांसाठी वेगळं लॉगिन आलं, वेळेची मर्यादा आली, काही संगणक त्यांच्यासाठी राखून ठेवले गेले. महागड्या डेटाबेसबाबत तिथेही कुरबुरी आहेतच. पण येल विद्यापीठाने पुढे आणलेल्या नमुना परवान्यात, संस्थेशी संबंध नसलेला पण ग्रंथालयात स्वतः येऊन बसलेला वाचक अधिकृत मानला आहे. प्रकाशकांशी करार करताना ही अट मागायची असते, हे जगभरच्या ग्रंथपालांना ठाऊक आहे.

आपल्याकडे हा विषय काढला की उत्तरं तयार असतात. मुलांनाच खुर्च्या पुरत नाहीत, असं म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत ते खरं आहे, तेव्हा पाहुण्यांचे संगणक बंद ठेवा आणि तसं दारावर लावा. मे महिन्यात काय अडचण असते? नको ते बघतील, असंही म्हणतात. मग पाहुण्यांच्या संगणकावर ग्रंथसूची, नियतकालिकं आणि सरकारी संकेतस्थळं एवढंच उघडू द्या. रीस्टार्ट केल्यावर संगणक पहिल्यासारखा करून देणारी सॉफ्टवेअर जुनी आहेत, ग्रंथालयातल्या कुठल्याही तंत्रसहायकाला विचारा. एक भीती मात्र रास्त आहे. एकाने शेकडो लेख सपाट्याने उतरवून घेतले तर प्रकाशक अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश तोडतो. तेव्हा डाउनलोडवर मर्यादा घाला, पेनड्राइव्ह बंद करा, हवी ती पानं छापून द्या आणि त्याचे पैसे घ्या. चार संगणक पुरतील सुरुवातीला.

आणि कृपा करून आधार कार्डाची झेरॉक्स मागू नका. सायबर कॅफेसाठी 2011 चे नियम आहेत: ओळखपत्र तपासा, नोंदी किमान वर्षभर ठेवा, पडदे मोकळ्या जागेकडे वळवा. ते नियम धंदा म्हणून इंटरनेट देणाऱ्यांसाठी केले गेले. ग्रंथालयाने ते आपणहून अंगावर ओढून घेण्याचं कारण नाही. कोण काय वाचतो याचं रजिस्टर तयार झालं की ते मागायला कुणीतरी येतंच. 2005 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये ग्रंथालयातल्या एका संगणकाच्या वापराची माहिती मागणारं एफबीआयचं पत्र आलं. त्याची वाच्यताही करायची नाही, असा सोबत आदेश होता. चार ग्रंथपाल न्यायालयात गेले, पुढच्या वर्षी तोंडबंदी उठली आणि माहितीची मागणीही मागे घेतली गेली. आपल्या ग्रंथपालांवर ती वेळ येऊ नये, यासाठी गेटवर ओळख पटवा, टोकन द्या, वेळ संपली की संगणकावरचं सगळं पुसलं जाऊ द्या. बाहेरच्याने काय वाचलं हे ग्रंथालयाला कळण्याची गरज नाही.

ग्रंथालय समित्यांनी हे याच सत्रात करावं, त्यासाठी मंत्रालयाकडे बघत बसू नये. एकच काम दिल्लीचं आहे. 2027 संपताना प्रकाशकांशी पुन्हा बोलणी होतील, तेव्हा ग्रंथालयात स्वतः आलेल्या कुणाही वाचकाला अधिकृत मानण्याचं कलम प्रत्येक करारात स्पष्ट शब्दांत लागेल. ते मागणारं पत्र महाराष्ट्रातल्या कुलगुरूंनी आत्ताच, एकत्र सही करून पाठवावं.