रडलं की कोण उठणार?

आमच्या घरात फुटबॉलवरून भांडण झालं, असं कोऱ्हाळ्यात कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न येतो, "बांध कुणी कोरला?" कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा-बारामती रस्त्यावरचं बागायती गाव. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, चहूकडं ऊस, जवळच सोमेश्वर कारखाना. भांडायला विषय रग्गड आहेत: पाण्याची पाळी, उसाची तोड, कारखान्याचा भाव, सोसायटीची निवडणूक. या यादीत फुटबॉल कधी नव्हता. तो आमच्या जावयानं घातला.

लेक कोल्हापुरात दिली आहे. बाळंतपणाला आली ती थंडी संपेपर्यंत राहिली, आणि तेवढे महिने घरात आजीचं राज्य होतं. एका संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला. आधी माझी तब्येत विचारली, मग ऊस गेला का ते विचारलं, आणि मग आवाज बारीक करून म्हणाले, "मामा, पुढच्या रविवारी मॅच आहे. तुम्ही सगळे या की. बाळाला स्टेडियमवर नेऊ म्हणतो."

फोन स्पीकरवर होता. आमच्याकडं फोन स्पीकरवरच असतो. ज्याला खाजगी बोलायचं असेल त्यानं उसात जावं.

"कसली मॅच?" आमच्या हिनं विचारलं.

"फुटबॉल, मामी."

"आणि पोरगं काय करणार तिथं? गोल अडवणार?"

लेक पलीकडं बसून पोराला पाजत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, पुढं लागेल.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. तिथं फुटबॉल खेळतात ते तालमींचे संघ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर, आणि हरलं-जिंकलं त्याचे पडसाद पेठापेठांतून. सोयरीक नवी असताना व्याही एकदा म्हणाले, "काल पाटाकडीलनं दिलबहारला हरवलं." मी आपला सरळ मनानं विचारलं, "कुठल्या डावावर? पाठ लागली का?" आमच्याकडं तालीम म्हणजे लाल माती, लंगोट आणि थंडाई. व्याही भले माणूस. म्हणाले, "पाठ नाही लागली, दोन गोल लागले." तेव्हापासून मी कोल्हापुरात ऐकायचं काम करतो, बोलायचं नाही.

तर जावयाची बाजू अशी होती की संस्कार लहानपणीच व्हायला हवेत. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, ते काय आकाशातून पडून? ही म्हणाली, "तो सात महिन्यांचा असताना बघायला गेला होता का, ते विचारा आधी त्याच्या आईला." जावई गप्प. मग त्यांनी जो डाव टाकला, त्याला मी आजही मानतो.

"मामी, हिरकणीचं काय झालं? पोराला घरी ठेवून दूध घालायला गडावर गेली. दरवाजे बंद झाले, आणि रात्री कडा उतरून यावं लागलं. पोर काखोटीला मारून नेलं असतं तर ती वेळ आली असती का?"

रायगडाच्या त्या कड्यावर महाराजांनी बुरूज बांधला, एसटीनं स्टँडवर मायलेकरांसाठी हिरकणी कक्ष काढले. पण या गोष्टीतून फुटबॉलचं तिकीट काढणारा माझा जावई पहिलाच. ही मात्र चितपट होणारी नाही. ती दृष्टीवर गेली.

"एका लग्नात नेलं तरी घरी आल्यावर दृष्ट काढावी लागती. तिथं हजारो डोळं. त्यातलं निम्मं हरलेल्या बाजूचं! हरलेल्या माणसाची नजर किती वंगाळ असती, इलेक्शनला बघितलंय मी. मीठ-मोहऱ्या काय पोत्यानं आणू?"

मी दोघांचं ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आपल्याला नाही म्हणायला तोंड कुठं आहे? या मुलखात तान्ह्या पोरांना कुठं नेत नाहीत? आषाढी वारीत तुकोबारायांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण इंदापूर तालुक्यात बेलवाडीला होतं. टाळ-मृदंगाचा कल्लोळ, माणसांची दाटी, मधून सुटलेला अश्व, आणि कडेला बायांच्या काखेत झोपलेली पोरं. बैलगाड्यांच्या शर्यतींचं तर विचारूच नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी दिली. एवढ्या वर्षांत बैलाला त्रास होतो का, यावर केवढा खल झाला. आज्याच्या खांद्यावर बसून धुरळा खाणाऱ्या पोराला त्रास होतो का, हे एकाही वकिलानं विचारलं नाही.

मी स्वतः कुस्तीच्या फडात वाढलो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी फड भरायचा, हलगी कडाडायची आणि मी वडलांच्या खांद्यावर. दिसायचं काय, तर फेटे. पुढं फेटा, मागं फेटा, आणि मधून कधी तरी एखाद्या पैलवानाची मातीनं माखलेली पाठ. वडलांचा खांदा एकदा माझ्या हातून, म्हणजे हातून नव्हे, ओला झाला. वडील जागचे हलले नाहीत. कुस्ती निकाली व्हायची होती. ती झाल्यावर त्यांनी फेटा भिरकावला, शेजाऱ्याला मिठी मारली आणि मग त्यांना खांदा गार लागल्याचं लक्षात आलं.

पण याहून लहान पोर असलं आणि ते रडायला लागलं, की फडात एक फार सुरेख व्यवस्था होती. ते पोर डोक्यावरून, हातोहात, मागं मागं जायचं. याच्या हातातून त्याच्या, त्याच्या हातातून पलीकडच्या, असं करत फडाच्या कडेला रेवडी-गोडीशेवेच्या पालापाशी पोचायचं. तिथं त्याची आई उभी असायची. तिनं कुस्ती बघायचा प्रश्नच नव्हता. बायका त्या काळी फडात येत नसत. (मार्च २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, तेव्हा मला ते गोडीशेवेचे पाल आठवले.) पोर नेण्याचा मान पुरुषाचा आणि रडलेलं पोर घेण्याचा मान बाईचा. आपली सगळी परंपरा या एका व्यवस्थेवर उभी आहे, आणि ती व्यवस्था चोख होती म्हणूनच पोरांना कुठं न्यावं आणि कुठं नेऊ नये, हा प्रश्न पुरुषांना कधी पडला नाही.

असले प्रश्न पडायलाही ऐपत लागते. दिवाळी झाली की आमच्या शिवारात बीडकडून ऊसतोड मजूर येतात. उसाच्या फडाच्या कडेला झाडाला झोळी, झोळीत बाळ, आणि आई कोयता घेऊन पाचटात. त्या बाळाला इथं आणावं का, यावर पारावर चर्चा झालेली मी ऐकली नाही. बाळाला ठेवायला दुसरी जागा असली, तर वाद घालता येतो.

आमच्याकडं जागा होती, म्हणून वाद चालला. मी मधला मार्ग म्हणून बारामतीच्या एका बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी दृष्टीचा मुद्दा सोडला आणि कानाचा धरला. तान्ह्या बाळाच्या कानाची नळी इवलीशी, त्यामुळं शिट्टी-पिपाणीसारखा वरच्या पट्टीतला आवाज त्याला आपल्यापेक्षा जास्त बोचतो. कारखान्यात काम करणाऱ्या धडधाकट माणसासाठीसुद्धा हिशोब असा आहे, की ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील. मग दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. २०१० च्या आफ्रिकेतल्या विश्वचषकात ती वुवुझेला नावाची पिपाणी वाजत होती, तिचा आवाज जवळून ११० च्या वर जायचा.

"आणि डॉक्टर, आमच्या गल्लीतल्या वरातीचा डीजे?"

"तो मोजू नका. बाळ घेऊन पाहुण्यांकडं जा."

कानावर घालायचे मोठे बोंडुक (इअरमफ) मिळतात, कारखान्यात मशीनवर बसणारे घालतात तसले, लहान मापाचे. ते घालून थोडा वेळ न्यायला हरकत नाही, असं ते म्हणाले. अमेरिकेत २०१० साली ड्रू ब्रीझ नावाच्या खेळाडूनं त्यांच्याकडच्या फुटबॉलचा तो सुपर बोल सामना जिंकल्यावर वर्षाच्या लेकाला मैदानात उचलून धरलं होतं, आणि त्या लेकाच्या कानांवर तसलेच बोंडुक होते. तो फोटो जगभर गाजला. जावयानं तो हिला मोबाइलवर दाखवला आणि तिथंच तो फसला. ही तीन दिवस घरोघर सांगत होती, "अमेरिकेतसुद्धा कानटोपी घालत्यात. मी सांगितलं की म्हातारीचं खूळ." लोकरीच्या कानटोपीनं थंडी अडते, गोंगाट अडत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य तिच्यापर्यंत पोचवायचं धाडस मी केलं नाही. आम्ही बोंडुक मागवले आणि त्यावर कानटोपी घातली. पोरगं ट्रॅक्टर चालवायला निघालेल्या पंजाबी शेतकऱ्यासारखं दिसायला लागलं.

आणि आम्ही गेलो. ही आली नाही. तिनं दोन्ही गालांवर आणि तळपायावर तीट लावून पाठवलं.

सामना कुणाकुणाचा होता ते लिहीत नाही. जावयाच्या पेठेत मला अजून जेवायला जायचं आहे. स्टेडियम भरलेलं, झेंडे, हलगी, आणि खेळाडूंना उद्देशून असा सल्ला, की माझ्या नातवाच्या कानावर बोंडुक होते म्हणून मी देवाचे आभार मानले. आम्ही दाराजवळची जागा धरली होती. पोरगं पहिली वीस-पंचवीस मिनिटं जावयाच्या मांडीवर बसून समोरच्या माणसाच्या पाठीवरचा आकडा चघळता येईल का, ते बघत होतं. एवढ्या गर्दीत चेंडूशी काही देणंघेणं नाही असं ते एकटंच होतं.

मग गोल झाला. गोल झाला की माणूस उडी मारतो. हातात पोर आहे, हे पायांना माहीत नसतं. जावई उडाले, पोरगं उडालं, मी पोरगं धरलं, आणि त्यानं ओठ काढून जो सूर लावला तो बोंडुकाच्या आतून त्याला किती ऐकू आला ठाऊक नाही. आम्हाला भरपूर आला.

यानंतर जे झालं ते मी फडात हजार वेळा बघितलं आहे. जावयानं लेकीकडं बघितलं. मी लेकीकडं बघितलं. मागच्या रांगेतल्या दोन अनोळखी माणसांनीही लेकीकडं बघितलं. डोक्यावरून हातोहात देण्याइतकं अंतर नव्हतं, एवढाच फरक.

लेक मैदानाकडं बघत होती. मान न वळवता म्हणाली, "आणायचं कुणी म्हटलं होतं?"

"अगं, पण भूक लागली असेल."

"बाटली भरून दिलीय. निळ्या पिशवीत. आण्णा, बघितलंत का, तो ऑफसाइड होता."

ऑफसाइड म्हणजे काय हे मला अजून कळलेलं नाही, पण रेफ्रीनं त्याच क्षणी झेंडीकडं बघून शिट्टी मारली आणि मागच्या रांगेतल्या त्या दोघांनी लेकीकडं बघायची पद्धत बदलली. लग्नानंतर ती दर मोसमात स्टेडियमवर येत होती, गरोदरपणात तेवढी आली नव्हती, हे मला तिथं कळलं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

जावईबापू उठले. उत्तरार्ध त्यांनी दारापाशी येरझाऱ्या घालत काढला. खांद्यावर पोर, हातात बाटली. विजयी गोल झाला तेव्हा ते लंगोट बदलत होते. कुणाचा झाला, हे त्यांना शेंगदाणेवाल्यानं सांगितलं.

परतीच्या वाटेवर लेकीनं मला इस्तंबूलची गोष्ट सांगितली. तिथल्या फेनरबाहचे क्लबच्या प्रेक्षकांनी मैदानात घुसून धुडगूस घातला, म्हणून २० सप्टेंबर २०११ च्या सामन्याला पुरुषांना बंदी केली. फक्त बायका आणि बारा वर्षांखालची पोरं, तीही फुकट. ४१ हजारांहून जास्त आल्या. खेळाडूंनी त्यांच्याकडं फुलं फेकली, सामना एक-एक असा सुटला. जर्मनीत हाम्बुर्गच्या सांक्ट पाउली क्लबच्या स्टेडियममध्येच बालवाडी आहे, हेही तिनंच सांगितलं. जावई गाडी चालवत होते. ते काही बोलले नाहीत.

तेव्हा आमच्या घरचा निकाल असा लागला आहे, आणि तो कोऱ्हाळ्यालाही लागू करायला माझी हरकत नाही. पोराला न्या. कानांवर बोंडुक घाला, ढोल-हलगीपासून लांब आणि दाराजवळ बसा, आणि ते कंटाळलं की घरी या. पण घरातून निघायच्या आधी, चप्पल घालताना, एक गोष्ट ठरवून घ्या: ज्यानं न्यायचं म्हटलं, रडल्यावर उठायचं त्यानंच. हे कबूल नसेल तर टीव्ही लावा आणि बाळाच्या आईला एकटीला मॅचला पाठवा.