‘लेस’ की ‘फ्युअर’?

इंग्रजीत ‘कमी’ या अर्थाचे दोन शब्द आहेत. त्यांपैकी ‘फ्युअर’ हा मोजता येणाऱ्या वस्तूंना, म्हणजे अंडी, खुर्च्या वा चुका यांना, आणि ‘लेस’ हा न मोजता येणाऱ्या, म्हणजे दूध, वेळ वा अक्कल यांना लावावा, असा दंडक व्याकरणाचे कैवारी सांगतात. त्याचे मूळ शोधू गेल्यास हाती लागतो रॉबर्ट बेकर नावाचा गृहस्थ, ज्याने १७७० मध्ये संख्येच्या बाबतीत ‘फ्युअर’ अधिक बरा वाटतो, असे आपले मत भिडस्तपणे नोंदवले. इंग्रज राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून, ‘लेस’ दोन्हीकडे बिनतक्रार राबत होता, ही बाब पुढच्या नियमभक्तांनी सोयीस्करपणे नजरेआड केली आणि एकाच्या आवडीचा कायदा झाला. पैसे, मैल आणि वर्षे मोजता येत असूनही त्यांना मात्र ‘लेस’च चालतो (सावकारांना हे कोणी कळवलेले दिसत नाही). टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने २००८ मध्ये ‘लेस’ वापरणारी ‘दहा वस्तू किंवा कमी’ ही वादग्रस्त पाटी उतरवून ‘दहा वस्तूंपर्यंत’ अशी पाटी लावली आणि दोन्ही शब्दांना रजा दिली. मराठीत दूध आणि अंडी या दोहोंना ‘कमी’ हा एकच शब्द पुरतो.