पहिला बार

आप्पांनी पोहायचं ठरवलं तेव्हा आधी गॉगल घ्यायचं ठरवलं. गॉगल निवडायला आठ महिने लागले आणि तोवर तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. ट्रेकिंगचे बूट त्यांनी इतके पारखून घेतले, की ते अजून कोरे आहेत. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चौघेही आप्पांची वाट बघून दमले. तरी आप्पांना कुणी आळशी म्हणू नये. काहीही न करण्यासाठी इतकी मेहनत घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी बेडश्याला पाच गुंठे घेऊन दोन खोल्या बांधल्या. मागे लेण्यांचा डोंगर, पुढे भाताची खाचरं. आप्पा त्याला फार्महाऊस म्हणतात. तिथली देखरेख करणाऱ्या मावशी ‘सायबांची पत्र्याची खोली’ म्हणतात. दर शनिवारी कामशेतला वळून आम्ही तिथे जातो. मी शेजारी. पेट्रोल त्यांचं, वडापाव माझे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं. “रेल्वेतला तिकीट तपासनीस हे करतो, मग बँकेतल्या माणसाला काय धाड भरली?” आप्पा म्हणाले. आठवड्याभरात एअर पिस्तूल आलं. नळी मोडायची, ४.५ मिलिमीटरचा एक छर्रा भरायचा, नळी मिटायची, की एक बार. अंगणाच्या टोकाला मातीची पोती रचली गेली. आप्पा सुधारले, असं मी घरी येऊन सांगितलंसुद्धा.

तेवढ्यात कुणीतरी त्यांना प्रॅक्टिकल शूटिंगचा व्हिडिओ पाठवला. यात माणूस एका जागी उभा राहत नाही. आडोशामागून पळतो, वाकतो, पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर धडाधड गोळ्या झाडतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं आणि येईल तो निकाल. १९७६ साली अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबिया गावी जमलेल्या मंडळींनी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. भागाकार म्हटल्यावर बँकेतल्या माणसाचा जीव तिथेच अडकला. आणि सेकंद मोजायचे म्हणजे शॉट टायमर हवा.

शॉट टायमर म्हणजे मुठीएवढी डबी. बटण दाबलं की ती लगेच बोलत नाही. एक सेकंद, कधी तीन, कधी चार सेकंद गप्प बसते, म्हणजे नेमबाजाला आधीच अंदाज बांधता येऊ नये. मग कर्कश ‘बीप’. तिथून पुढे तिचा मायक्रोफोन प्रत्येक बार ऐकतो आणि शतांश सेकंदापर्यंत लिहून ठेवतो: पहिला बार किती वेळाने, दोन बारांमधलं अंतर म्हणजे ‘स्प्लिट’ किती, एकूण वेळ किती. हवं तर ठरावीक वेळेनंतर दुसरी बीपही देते. तेवढ्यात काम उरकायचं, नाहीतर हरलात.

आप्पांनी दोनशे पानी वही घातली. उभे रकाने आखले. बीपचा आवाज केवढा? उन्हात आकडे दिसतात का? चौकोनी सेल की चार्जिंग? कमरेला अडकतो की मनगटाला? मायक्रोफोनची संवेदनशीलता कमीजास्त होते का? भिंतीवरून परत आलेला आवाज तो दुसरा बार समजतो का? या शेवटच्या प्रश्नासाठी तर ते लेण्यांच्या चारेकशे पायऱ्या चढले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कारागिरांनी चैत्यगृहासमोरचा कातळ पुरता काढलाच नाही. मधल्या चिंचोळ्या बोळातून आत शिरावं लागतं. त्या बोळात उभं राहून आप्पांनी एक टाळी वाजवली आणि कान टवकारून परतणारे आवाज बोटांवर मोजले. वर खांबांवर घोडे-हत्तींवर बसलेली जोडपी दोन हजार वर्षं शांतपणे खाली बघताहेत. त्या दिवशी त्यांनाही क्षणभर प्रश्न पडला असावा.

“मोबाइलवर असलं ॲप फुकट मिळतं,” मी म्हणालो.

“फुकट?” आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी कर्ज बुडवून त्यांच्याच काउंटरवर उभा होतो जणू.

शेवटी सल्ल्यासाठी आम्ही बालेवाडीच्या रेंजवर एका प्रशिक्षकांना गाठलं. त्यांनी वही शांतपणे चाळली, मग विचारलं, “पिस्तूल कोणतं?” आप्पांनी सांगितलं. “काका, दहा मीटर एअर पिस्तूलला साठ बारांना पंचाहत्तर मिनिटं असतात. एका बाराला सव्वा मिनिट. तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ पुरे.” आप्पांचा चेहरा पडलेला बघून त्यांनी जोड दिली, “घाई असते ती राही सरनोबतच्या प्रकारात. २५ मीटरच्या रॅपिडमध्ये हात खाली ४५ अंशात धरून थांबायचं. लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद नाही. त्या तीन सेकंदांत हात वर आणून एकच बार.”

परतताना आप्पा एवढंच म्हणाले, “बघितलंस? तीन सेकंद म्हणाले. म्हणजे टायमर लागणारच.”

टायमर आला तो अमेरिकेतल्या पुतण्याच्या बॅगेतून, चितळ्यांच्या बाकरवडीच्या बदल्यात. तोवर दुसरा पावसाळा लागला होता. शनिवारी मावळातला पाऊस पत्र्यावर कोसळत होता. आप्पांनी कौतुकाने बटण दाबलं. बीप झाली आणि आप्पांनी पिस्तुलाची पेटी उघडायच्या आत डबीने पत्र्यावरचे थेंब धडाधड टिपायला घेतले.

रविवारी उघडीप मिळाली. आप्पा पोत्यांसमोर उभे राहिले. बीप. आप्पांनी नळी मोडली. छर्रा बोटांतून निसटून गवतात गेला. दुसरा घेतला. चष्मा बदलला. नळी मिटली. ‘फट्’. पडद्यावर काहीच नाही. एवढ्या मऊ आवाजाला डबीने बार मानलंच नव्हतं.

“फुसका बार गेला,” मी म्हणालो. आप्पांनी ऐकलं नाही. संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेली, डबी कट्ट्यावर ठेवली आणि पुन्हा छर्रा शोधायला वाकले. बीप झाली. पाठोपाठ पडद्यावर आकडे पडू लागले. ०.९१. ०.८८. ०.९०. ०.८९. आप्पा वाकलेलेच होते, पिस्तूल टेबलावर होतं. आम्ही दोघांनी मान वळवली. मागच्या दगडावर मावशी सोलापुरी चादर आपटत होत्या.

आप्पा सरळ झाले. वहीत नवं पान काढलं आणि तेवीस आकडे उतरवून घेतले.

“मावशी, स्प्लिट फार सुंदर आहे तुमचा. पहिल्या बाराला मात्र वेळ लागतो.”

“लागनारच की,” चादर पिळत मावशी म्हणाल्या. “आधी पानी कोन वडून आनतं? ती शिट्टी का तुमी?”

“तुमचा पहिला बार किती सेकंदांत?” मी आप्पांना हळूच विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. बीप ऑगस्टमध्ये पॅरिसला झाली होती.

त्यानंतरच्या शनिवारी आप्पांनी मऊ आवाज ऐकणाऱ्या दुसऱ्या टायमरची वही घातली. पिस्तूल पेटीतच होतं. मी ओट्यावर चहा घेत होतो. मागून मावशींची हाक आली, “सायेब, वाजवा!”

आप्पांनी बटण दाबलं. डबी गप्प. दगडापाशी मावशी पदर खोचून उभ्या. बादलीतून आधीच भिजवलेली चादर हातात, हात खाली, बरोबर ४५ अंशात. पाण्याचे थेंब टपटपत होते.

बीप.

०.६४.