अण्णा समोर बसून बोलत नाहीत

"काय गं, अजून हायेस व्हय माहेरी? मला वाटलं, सोमवारीच नाशिकची गाडी धरली असशील."

"थांबलेय काकू, बहर उतरेपर्यंत."

"थांब की. माहेर हाय तुझं. जावईबापू बरे हायेत ना?"

"सरळ विचारा ना, भांडून आले का म्हणून! गिरणीत काय चर्चा चाललीय, ते कळतं मला."

"माझं नाव नको घेऊ बाई. गिरणीत दोन पक्ष हायेत. एक म्हणतो, नवऱ्याशी वाजलं. दुसरा म्हणतो, वाटणी मागायला आली. रोज बापासंगं पेरूच्या बागेत दिसतीस म्हटल्यावर सातबाऱ्यावरच डोळा असणार, असं त्यांचं."

"मग तिसरा पक्ष काढा. लेक बापाजवळ बसायला आलीय, म्हणावं."

"नुसतं बसायला? कोण खरं मानंल?"

"काकू, आमचं बोलणं जन्मभर कामापुरतं. फी किती, सही कुठं, एसटी किती वाजता. फोन केला तरी 'बरी आहेस ना? घे, आईशी बोल.' यावेळी ठरवून आले, तर पहिल्या दिवशी ओट्यावर समोर खुर्ची टाकून बसले. अण्णा 'हं' म्हणाले, मग 'हो' म्हणाले, मग उठून गोठ्यात गेले."

"आमच्याकडचेबी तसलेच. ह्या पिढीचे पुरुष ना!"

"दुसऱ्या दिवशी तोडणी होती. मी आपली शेजारी बसून पेरू निवडायला लागले, मोठे इकडं, डागी तिकडं. आणि अण्णा बोलायला लागले! माझ्याकडं न बघता हं. नजर पेरूवर आणि गोष्ट चालू."

"काय म्हणले?"

"आधी माझी परीक्षा. म्हणाले, हा लखनौ ४९ कुठला? मी म्हटलं, लखनौचा. तर हसले. म्हणाले, पुण्याच्या गणेशखिंडीतला, १९२७ साली डॉक्टर चिमांनी निवडलेला. मी पुण्यात शिकले, काकू, त्या रस्त्यानं रोज जायचे! मग बागेला ताण कसा द्यायचा ते सांगितलं. उन्हाळ्यात पाणी तोडायचं, झाडानं पानं टाकली तरी जीव खाली-वर होऊ द्यायचा नाही. मृगाच्या पावसावर फूल धरतं आणि थंडीत फळ गोड येतं. पावसाळ्यात येणाऱ्या फळाला माशी लागते."

"हे तर सगळ्या राहात्याला ठावं हाय."

"हो, पण मग गाडी बहात्तरच्या दुष्काळावर गेली. तेव्हा अण्णा मामाकडं होते, जिराईत भागात. दुष्काळी कामावर खडी फोडायचे. दुपारी सुकडी मिळायची, तिची चव अजून सांगतात. आईलासुद्धा हे माहीत नव्हतं, काकू! ती चहा घेऊन आली ती तिथंच बसली."

"अगं बाई!"

"मला त्या लोणीच्या पुस्तकाची आठवण झाली. बाळासाहेब विख्यांचं आत्मचरित्र. ते २०१६ ला गेले आणि पुस्तक आलं २०२० ला."

"'देह वेचावा कारणी'. आमच्या ह्यांनी वाचलंय."

"तेच. विठ्ठलराव पाटलांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, त्यांच्यावर लिहिणारे ढीगभर. लेकानं स्वतःचं लिहून ठेवलं. मोठ्या माणसांचं मागं राहतं. आमच्या अण्णांनी लिहिलेलं काय आहे? आडत्याच्या पट्ट्यांमागं केलेले हिशोब. बाकी सगळं तोंडात. ते शेजारी बसून ऐकलं तरच मिळणार."

"खरंय गं. आणि लोकांना काय, बिनकामाचं कुणी कुणाकडं गेलं की पोटात दुखतं. आपले साईबाबा नव्हते का शिर्डीहून इथं यायचे? कधी बैलगाडीत, कधी टांग्यात. खुशालचंद शेठकडं. पोथीत हाय की! काम काय असणार फकिराचं शेठकडं? बसायचं, खुशाली विचारायची, परत जायचं."

"हे सांगा गिरणीत."

"सांगते तर! पण तुझ्या घरच्यांचं काय? पोरांच्या शाळा, सासूबाई?"

"सासूबाईंनीच पाठवलं. म्हणाल्या, माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या औषधांची नावं सांगू शकत होते, पण ते शाळेत कुणाच्या बाकावर बसायचे ते मला ठाऊक नव्हतं. तू विचारून घे."

"शहाणी बाई हाय."

"मी विचारलं नाहीच काही. विचारलं की अण्णा मिटतात. पेरू निवडत राहायचं. आता तर संध्याकाळी तेच हाक मारतात, 'येतीस का गं?' आणि निवडायला पेरू नसले तर लसूण घेऊन बसतात."

"लसूण? तुझे अण्णा?"

"चहात साखर कुठल्या डब्यातली घालतात ते माहीत नव्हतं त्यांना, आता लसूण सोलतात."

"शनिवारी आमचा पुण्याचा येतोय. आला की तो मोबाइलमधी आणि हे टीव्हीमधी. दोघांच्या मधी शेंगांचं पोतं ठेवू का? फोडा म्हणते, बियाणाला पाहिजेत."

"ठेवा की! पण काकू, एक अट आहे. ते बोलायला लागले की तुम्ही मधे बोलायचं नाही."

"मी? मी कधी बोलते गं कुणाच्या मधी? आता त्या दिवशी गिरणीत बघ, त्या दोघी बोलत होत्या, मी आपली गप. शेवटी शेवटी एवढंच म्हणले की…"