दोन्ही हात वर, संगीत चालूच

डीजेने दोन्ही हात वर केले की समोरचे हजारो लोकही हात वर करतात. वाद्यावर कोणाचाच हात नाही, तरी संगीत अर्ध्या मात्रेनेही अडखळत नाही. पोस्टरवर याला ‘लाइव्ह’ म्हणतात. अधूनमधून हात खाली येतात ते फिल्टरच्या नॉबसाठी. हा नॉब दोन बोटांत मावतो. एका बाजूला फिरवला की खालचा धमधमाट कापला जातो, मध्यावर आणला की परत येतो आणि गर्दी पिसाळते. एवढ्यासाठी डोळे मिटलेले, दातओठ खाल्लेले, कंबर पार वाकलेली. पालिकेचा चावीवाला अख्ख्या वॉर्डाचं पाणी सोडतो, पण इतका कण्हत नाही.

यावर जाणकार सांगतात की गर्दीची नाडी ओळखून पुढचं गाणं निवडणं हीच खरी कला. छोट्या क्लबात ती असतेही, मान्य. पण मोठ्या मंचावर ज्या क्षणी ठोका पडतो त्याच क्षणी ज्वाळा उसळतात, चमचमत्या कागदांचा पाऊस पडतो आणि मागच्या पडद्यावर ड्रॅगन जबडा उघडतो. हे सगळं बऱ्याचदा टाइमकोडवर, म्हणजे क्षणाक्षणाच्या ठरलेल्या वेळेवर, आधीच बसवलेलं असतं. म्हणजे गर्दीची नाडी दुपारी साउंड चेकलाच, रिकाम्या मैदानात सापडलेली असते! ‘लोक नाचताहेत ना, मग तुमच्या पोटात का दुखतं?’ हा दुसरा आक्षेप. नाचण्याबद्दल तक्रारच नाही. 1990 च्या दशकात गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर डीजे डॅट (डिजिटल ऑडिओ) टेप लावत, कारण उकाड्यात रेकॉर्ड वाकायच्या. टेपवर ठोक्याला ठोका जुळवण्याची फारशी सोय नव्हती. एक ट्रॅक संपला की दुसरा. लोक उजाडेपर्यंत नाचले. आपल्या विसर्जन मिरवणुकीतही स्पीकरच्या भिंतीआड लॅपटॉप घेऊन बसलेल्या पोराचं तोंड कोणी पाहिलेलं नसतं, आणि त्याच्या पोटापाण्याला त्यामुळे काही बाधा येत नाही.

म्हणजे कसं वाजवलं याची लोकांना पर्वा नाही. घाम मात्र दिसायला हवा. जो खरोखर जागच्या जागी सिंथेसायझर आणि सिक्वेन्सरवर ताल रचतो, चुकू शकतो, तो वायरींच्या गुंत्यात मान घालून उभा असतो. ‘हा काय ईमेल बघतोय?’ म्हणत लोक बिअरच्या रांगेत जातात. मग त्याला भर दुपारची वेळ, गेट नुकतंच उघडलेलं, समोर चार माणसं आणि ऊन, नॉबवाल्याला रात्र. आणि या रात्रीचं तिकीट आपण आपल्याच फोनवर, आपल्याच बोटांनी, आपलाच डेटा जाळून काढायचं, वर ‘सुविधा शुल्क’ भरायचं. कसली सुविधा? कोणाची? अख्ख्या कार्यक्रमात हातांनी खरं काम करणारा माणूस म्हणजे हा तिकीट काढणारा, आणि दंड त्यालाच! शिवाय गेटवर त्याची पाण्याची बाटली काढून घेतात, आत तशीच बाटली चौपट भावाने विकतात, आणि त्या पैशांसाठी मनगटावरचा पट्टा आधी रिचार्ज करावा लागतो. उरलेली रक्कम परत हवी असेल तर तिलाही शुल्क आहे.