जरा उदास बघा

लग्नातला फोटोग्राफर ‘जरा हसा’ म्हणतो, हा ‘जरा उदास बघा’ म्हणतो. माणूस तोच. उन्हाळ्यात लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या, त्या पैशांतून लेन्स घ्यायची आणि थंडी पडली की पहाटे शहागंजच्या घड्याळाखाली एकटेपणा शोधत उभं राहायचं, असं त्याचं वर्षाचं गणित.

छत्रपती संभाजीनगरात रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढणारी ही जमात वाढते आहे. मलिक अंबरानं १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा त्यांना पार्श्वभूमीपुरता लागतो, तोही धूसर.

अडचण एकच. रस्त्यावर राहणारी माणसं सहसा एकटी सापडत नाहीत. म्हाताऱ्याशेजारी चहावाला असतो, चहावाल्याशी हुज्जत घालणारा हमाल असतो, पायाशी कुत्रं असतं. आमचा कलावंत आधी चहावाल्याला बाजूला करतो, मग हमालाला. कुत्र्याला राहू देतो. कुत्र्याला लाइक्स पडतात. मग एफ १.८ वर उरलेलं शहर पुसून टाकतो, रंग काढतो आणि कॉन्ट्रास्ट एवढा चढवतो की साठीतला माणूस नव्वदीचा दिसावा. खाली ओळ : ‘बावन्न दरवाजांचं शहर, याला एकही नाही.’ हीच ओळ त्याच्या इतर मित्रांनाही स्वतंत्रपणे सुचलेली आहे. लेन्सचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ. शहरात एक लाख वस्तीमागे शंभर बेघरांची सोय होईल एवढा निवारा हवा, हा सरकारी निकष मात्र फ्रेममध्ये बसत नाही.

“त्यांचं नाव काय रे?” असं विचारलं की तो छायाचित्रकार डोरोथिया लँगचा दाखला देतो. १९३६ साली कॅलिफोर्नियात ‘मायग्रंट मदर’ हा फोटो काढताना तिनं तरी कुठं नाव विचारलं होतं? खरं आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं, आणि या फोटोतून आपल्याला छदामही मिळाला नाही, असं त्या बाईंनी बोलून दाखवलं. दाखल्याचा हा उत्तरार्ध तो सांगत नाही.

स्टेशनजवळचे एक बाबा त्याच्यापायी तयार मॉडेल झालेत. कॅमेरा दिसला की विचारतात, “नुसता बसू, का कपाळाला हात लावू?” परवा मात्र त्यांनीच ऑर्डर दिली. श्रावणबाळ योजनेच्या फॉर्मवर चिकटवायला पासपोर्ट फोटो पाहिजे होता.

यानं मोठ्या उत्साहानं मोबाइलवर आपला संग्रह उघडला. बाबांनी एकेक फोटो तपासला. “ह्यात अर्धं तोंड अंधारात. ह्यात कान नाहीत. अन् ह्यात मी कामून रडायलो? तहसीलवाले म्हणतील, हा माणूसच दुसरा.”

“बाबा, पासपोर्ट फोटो मी काढत नाही. त्यात फील नसतो.”

“फॉर्मात फीलचा रकाना नाही.”

शेवटी पांढरी चादर आली. एक टोक चहावाल्यानं धरलं, दुसरं हमालानं. बाबांनी केस ओले करून चापून बसवले, ताठ बसले, दोन्ही कान दाखवले. फोटो रंगीत निघाला. आठ प्रतींचे पैसे कलावंतानंच भरले आणि वर एक प्रत स्वतःसाठी मागितली.

बाबांनी आठही प्रती मोजून खिशात घातल्या. “मॉडेलला फुकट धरू नको,” ते म्हणाले. “वीस रुपये.”