टॉवरवाल्या साहेबांस

प्रति,
श्री. टॉवरवाले साहेब,
मु. पो. ‘आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे’



पत्र उघड्यावर लिहितोय, कारण पाकिटावर घालायला तुमचा पत्ता नाही.

आधी आभार मानतो. आमच्या सड्याची किंमत ओळखणारे तुम्ही पहिलेच. रत्नागिरी तालुक्यातला हा सडा म्हणजे निव्वळ कातळ. पावसात चार महिने गवत, उरलेले आठ महिने तापलेला जांभा. आजोबांनी तिथे कलमं लावून पाहिली, वडिलांनी काजू. काजूचं एक झाड तेवढं जगलं. उक्षी गावच्या कातळावर निदान कुणीतरी फार जुन्या काळी हत्ती कोरून ठेवला, म्हणून २०२२ साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. आमच्या कातळावर कुणी उंदीरही कोरला नाही. आणि तुम्ही म्हणालात, “सर, सॅटेलाइटने तुमचाच गट नंबर सिलेक्ट केलाय.” पंचवीस लाख आगाऊ, महिना पस्तीस हजार भाडं, शिवाय घरातल्या एकाला टॉवरवर नोकरी!

हे ऐकताना मी त्याच सड्यावर, त्याच काजूखाली उभा होतो. घरात रेंज येत नाही, त्यामुळे गावाला टॉवरची गरज आहे हे तुम्ही वेगळं पटवून द्यायची गरजच नव्हती.

मग फी सुरू झाली. नोंदणीचे २,७५०. करारनाम्याचे ८,४००. विम्याचे १८,५००, कारण “तुमच्याकडे वादळं येतात ना सर, २०२० चं निसर्ग आठवतंय ना?” आठवतंय तर! दापोली-मंडणगडकडे कितीतरी दिवस ना वीज होती ना फोन. तुमचा अभ्यास दांडगा. दर हप्त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद यायचा, वर तीन सिंह, खाली ट्रायचा गोल शिक्का. तो मी छापून देवाजवळ ठेवला होता. सौ. रोज त्याला हळदकुंकू वाहायची, त्यामुळे शिक्का आता वाचता येत नाही.

चौथा हप्ता टीडीएसचा होता, ३२,००० चा. तो भरायच्या आतच भाचा सुट्टीत आला आणि त्याने कागद बघून डोक्याला हात लावला. ट्रायचं काम टेलिफोन कंपन्यांवर नजर ठेवायचं. टॉवरसाठी ना हरकत दाखला ती देत नाही, फीही घेत नाही, आणि हे तिने जाहीर नोटिसा काढून कितीदा तरी सांगितलंय. खरी कंपनी रेंजचा नकाशा मांडून जागा शोधते. तिचा माणूस येऊन कातळावर उभा राहतो, मोजमाप करतो. वकील सातबारा चाळतो. भाडेकरार होतो आणि पैसे कंपनीकडून जागामालकाकडे येतात. भाडेकरूला भाडं मालकाने द्यायचं, ही सुधारणा सर्वस्वी तुमची.

काटकसरही मानली पाहिजे. रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी न्यायला केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी मंजूर केले. तुम्ही आमचा टॉवर २९,६५० रुपयांत बसवलात, तेही माझ्याच.

पण मला खरं कुठे कळायला हवं होतं, सांगू? सातबाऱ्यावर. आमच्या त्या गटावर सव्वीस नावं आहेत. नऊ मयत, अकरा मुंबईत, एक आत्या बडोद्याला आणि दोघं कोर्टात एकमेकांविरुद्ध. या जागेवरचं जांभ्याचा एक चिरा विकायचा म्हटलं तरी गणपतीत सगळे जमेपर्यंत थांबावं लागतं, आणि जमले की भांडणात विसर्जन येतं. तुम्ही मात्र कुणाची सही मागितली नाहीत. “सर, तुमची एकट्याची चालेल.” कोकणात हे वाक्य ऐकून जो माणूस सावध होत नाही, त्याला लुटणं हे खरं तर पुण्यकर्मच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. संचार साथी पोर्टलच्या ‘चक्षू’वर तुमचा नंबरही टाकलाय. तो नंबर तुम्ही केव्हाच फेकून दिला असेल, तरी तुम्हाला कळवलेलं बरं.

आता मुख्य काम. पंचवीस लाखांची बातमी मीच उत्साहाच्या भरात मुंबईच्या चुलतभावाला सांगितली होती. फसलो हे कळवल्यावर तो म्हणाला, “असं होय, आता फसलास होय!” गेल्या आठवड्यात त्याच्या वकिलाची नोटीस आली. आगाऊ रकमेत त्याला एक सप्तमांश हिस्सा हवाय. आत्याचाही बडोद्याहून फोन आला होता. मी काजूखाली पोचेपर्यंत कट झाला.

तेव्हा एवढी मेहरबानी करा. त्याच तीन सिंहांच्या कागदावर, त्याच गोल शिक्क्यानिशी एक दाखला पाठवा की सदर इसमास आम्ही आजतागायत एक पैसाही दिलेला नाही. माझ्या शब्दावर घरात कुणाचा विश्वास उरला नाही, तुमच्या कागदावर मात्र सगळ्यांचा आहे.

फी काय होईल ती कळवावी.

आपला,
जागामालक (हिस्सा एक सप्तमांश)